विपश्यनेचे दहा दिवस : साधनेबद्दल समाधान, दाव्याबद्दल शंका

सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांचे विपश्यना शिबिर मी गेल्या पावसाळ्यात पूर्ण केले. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नियम, वेळापत्रक आणि ध्वनिमुद्रित सूचना इगतपुरीच्या धम्मगिरीपासून परदेशांतल्या केंद्रांपर्यंत सारख्याच असतात आणि मला जे म्हणायचे आहे ते कोणा एका व्यवस्थापकाविषयी नाही.

आधी व्यवहाराचे सांगतो. निवास, भोजन आणि शिकवणी यांचे शुल्क नाही. दान घेतात तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. पहाटे चारला घंटा होते आणि साडेचारपासून रात्री नऊपर्यंत साधारण साडेदहा तास बसायचे असते. फोन, पुस्तक, पेन सगळे जमा करावे लागते. सकाळी अकराला जेवण झाले की नव्या साधकाला संध्याकाळी पाचला चहा, चुरमुरे आणि एखादे फळ मिळते. आधी शिबिर केलेल्या जुन्या साधकांना तेवढेही नाही. जेवण साधे होते आणि वाढणारे सेवक विनामोबदला राबत होते, त्यामुळे त्याबद्दल कुरकुर करायला जागा नाही.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहणे. चौथ्या दिवशी विपश्यना देतात आणि तिथून डोक्यापासून पायांपर्यंत संवेदना निरखत जायचे. तासभर हात, पाय आणि डोळे न हलवण्याचे अधिष्ठान दिवसातून तीनदा असते. पाचव्या दिवशी दुपारी माझ्या डाव्या गुडघ्यात कुणी खिळा ठोकत असल्यासारखे वाटत होते. ‘अनिच्च’, म्हणजे हे सारे अनित्य आहे, असे म्हणत बसलो आणि चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास ती कळ एकसंध राहिली नाही, तिचे बारीक ठोके झाले. दुखणे थांबले नव्हते, पण त्याच्याशी चाललेले माझे भांडण थांबले होते. एवढ्यासाठीसुद्धा हे दहा दिवस वाया गेले, असे मी म्हणणार नाही.

शंका आहे ती वेगळ्या ठिकाणी. ही विद्या सार्वजनीन आहे, संप्रदाय नव्हे, असे प्रवचनांत वारंवार सांगितले जाते. परंतु पहिल्याच संध्याकाळी पाली शब्दांत बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जायचे असते, पंचशील घ्यायचे असते आणि शिबिरापुरती पूजा, जप, उपवास ही सारी कर्मे बंद ठेवायची असतात. विद्येची निर्भेळ परीक्षा व्हावी, हे त्यामागचे कारण मला पटते. तरीही नोंदणीच्या टेबलापाशी माझ्या पुढे उभे असलेले एक माळकरी गृहस्थ तुळशीची माळ काढताना अडखळले, तो क्षण मी विसरलेलो नाही. “पस्तीस वर्षांत काढलेली नाही हो,” ते म्हणाले. “बाबा, दहा दिवसांचाच प्रश्न आहे,” असे उत्तर मिळाले, आणि माळ कापडी पिशवीत गेली. ज्याची माळ उतरते आणि ज्याच्या ओठी नवे शरणवचन येते, त्याला हे संप्रदायापलीकडचे कसे वाटावे?

रात्रीच्या प्रवचनांतही हेच. ध्वनिमुद्रणातले गोएंका बोलतात रसाळ. ब्रह्मदेशात वाढलेला हा मारवाडी व्यापारी अर्धशिशीला कंटाळून १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन या सरकारी लेखाधिकाऱ्याकडे कसा गेला आणि १९६९ मध्ये ही विद्या घेऊन भारतात कसा आला, हे ऐकताना थकवा उतरतो. मात्र संवेदनेच्या रूपाने मनावरचे जुने संस्कार वर येऊन त्यांची निर्जरा, म्हणजे क्षय, होते, किंवा भवचक्र पुढच्या जन्मात चालू राहते, ही विधानेही निरीक्षणाच्याच सुरात येतात. श्वास मी पाहिला; पुनर्जन्म मला दिसला नाही. सहायक आचार्यांना प्रश्न विचारण्याची मुभा आहे, पण ती साधनेपुरती. तात्त्विक वाद ते सौम्यपणे टाळतात. आम्ही तुम्हाला बौद्ध परंपरेतील एक साधना, तिच्या श्रद्धांसह शिकवत आहोत, असे सरळ सांगितले असते तर माझी तक्रारच उरली नसती.

जाणाऱ्यांनी एवढे पाहावे : गंभीर मानसिक आजार असेल तर अर्जात तो लपवू नये, कारण मौनाचे इतके दिवस सगळ्यांना झेपत नाहीत, आणि गुडघे कुरकुरत असतील तर पहिल्याच दिवशी खुर्ची मागून घ्यावी, मी संकोचामुळे तीन दिवस उशीर केला. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसण्याची शिफारस असते. माझा सकाळचा तास टिकून आहे, संध्याकाळचा मात्र दिवाळीपूर्वीच सुटला.