लोकरीची प्रेसिंग मॅट : पट्ट्यांच्या शिवणींसाठी कितपत उपयोगी?

सुती कापडाच्या अडीच इंची पट्ट्या एकमेकींना जोडून क्विल्टचा पट तयार करताना तो धनुष्यासारखा वाकतो, याचा दोष मी बरीच वर्षे शिलाई मशीनला देत होते. दोन वेळा धाग्याचे टेन्शन तपासून घेतले, कापड दाबून धरणारा मशीनचा पायही बदलला, तरी आठ पट्ट्यांचा पट टेबलावर पसरला की मधोमध फुगवटा दिसायचाच. बेचाळीस इंच लांबीच्या त्या पटाला लांब पट्टी लावून पाहिली, तेव्हा कडेशी तीन सुतांची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट निघाली. खोट मशीनमध्ये नव्हती, माझ्या इस्त्री करण्याच्या पद्धतीत होती. हे ध्यानात आल्यावर मी सतरा बाय चोवीस इंचांची, सुमारे अर्धा इंच जाडीची, लोकर दाबून नमद्यासारखी केलेली प्रेसिंग मॅट, म्हणजे इस्त्री करताना कापडाखाली घालायची जाड चटई, ऑनलाइन मागवली. सहा महिने ती वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

मॅटकडे वळण्यापूर्वी इस्त्री दाबणे आणि इस्त्री फिरवणे यांतला फरक सांगणे भाग आहे, कारण तो न समजता घेतलेली कोणतीही मॅट फुकट जाईल. शर्टाच्या चुण्या घालवायच्या असतात म्हणून तिथे आपण इस्त्री पुढेमागे सरकवतो आणि कापड किंचित ताणले गेले तरी काही बिघडत नाही. पट्ट्यांचे तसे नाही. या पट्ट्या बहुधा कापडाच्या एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत आडव्या कापलेल्या असतात, म्हणजे त्यांची लांबी बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेने जाते, आणि बाणा ताण्यापेक्षा (उभ्या धाग्यांपेक्षा) अधिक ओढला जातो. शिवणीच्या बाजूने गरम इस्त्री लांबवर सरकवली की पट्टीची मोकळी कड ताणली जाते, शिवलेली कड मात्र टाक्यांनी धरून ठेवलेली असते, आणि त्यामुळे पट वाकतो. इस्त्री उचलायची, शिवणीवर ठेवायची, तीन-चार सेकंद थांबायचे, पुन्हा उचलून पुढच्या जागी ठेवायची, एवढाच त्यावर उपाय आहे. वाफेची इस्त्री वापरणाऱ्यांना हे अधिकच लागू पडते, कारण सुताचे तंतू ओल आणि उष्णता एकत्र लागली की सैल पडतात आणि गार होताना ज्या आकारात असतील त्याच आकारात बसतात, मग तो आकार वाकडा का असेना.

आता मॅटविषयी. तिचा खरा गुण असा की कापड तिच्यावर घसरत नाही. नमद्याचा खरखरीत पृष्ठभाग पट्टी धरून ठेवतो, त्यामुळे शिवण उलगडताना दुसरा हात कापड ओढत बसत नाही. लोकर उष्णता धरून ठेवत असल्याने खालच्या बाजूनेही थोडा शेक मिळतो, आणि शिवणीचा उंचवटा मॅटमध्ये रुतत असल्यामुळे सुलट बाजूवर मायेचा (शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाच्या कडेचा) चकाकता वळ उठत नाही. मी प्रथम शिवण बंद असतानाच दाबते, म्हणजे टाके कापडात बसतात, आणि मग गडद रंगाची पट्टी वर घेऊन ती उलगडते, जेणेकरून माया गडद बाजूला वळते व फिक्या कापडातून तिची सावली दिसत नाही. पाव इंच माया धरली तर आठ पट्ट्यांचा पट साडेसोळा इंच भरायला हवा. पूर्वी माझा पट जेमतेम सोळा इंच भरायचा, कारण प्रत्येक शिवणीशी अर्ध्या सुताची बारीक घडी उलगडायची राहून जात होती, आणि सात शिवणींच्या साडेतीन सुतांनी बेरीज जवळपास अर्ध्या इंचाने खाली येत होती. मॅटवर नीट दाबलेला पट साडेसोळाला एखादे सूत कमी भरला आणि कडेची फट अर्ध्या सुताच्याही आत आली.

याचे श्रेय मॅटला किती द्यायचे, हे ठरवण्यासाठी त्याच मॅटवर, त्याच कापडाच्या दुसऱ्या आठ पट्ट्या मी मुद्दाम इस्त्री फिरवून उलगडल्या. त्यात दोन सुतांचा वाक आला. तिसरा पट चौपदरी घोंगडीवर दाबून केला, तर तो मॅटवरच्या पटाइतकाच सरळ निघाला! अर्थात घोंगडीच्या विणीचे बारीक ठसे सुलट बाजूवर उमटले आणि पांढऱ्या पट्टीला तिचे काळे केस चिकटले, ते वेचण्यात माझा अर्धा तास गेला. म्हणजे पट सरळ येतो तो दाबण्यामुळे, मॅटमुळे नव्हे. मॅटचे पैसे द्यायचे ते सफाईसाठी आणि वेळ वाचतो त्यासाठी.

तक्रारीही आहेत. चोवीस इंच लांबीवर बेचाळीस इंची पट्टी एकदम मावत नाही, आणि टेबलाखाली लोंबणारा भाग स्वतःच्या वजनाने शिवण ओढतो. मी शेजारी तेवढ्याच उंचीची उशी ठेवून उरलेला पट तिच्यावर टेकवते. वाफ सोडली की पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास घरभर पसरतो. त्याहून वाईट म्हणजे ओल आणि उष्णता आरपार खाली उतरते. माझ्या जेवणाच्या टेबलाच्या पॉलिशवर मॅटच्या आकाराचा पांढुरका डाग पडला, आणि खरेदीच्या पानावर याबद्दल एका शब्दाची सूचना नव्हती. आता मी खाली जाड दुपदरी चादर घालते, पाण्याचे भांडे रिकामे ठेवून कोरडी इस्त्री वापरते, आणि हट्टी चुणी असलीच तर त्या जागेपुरते बोट ओले करून फिरवते.

माया एका बाजूला वळवावी की दोन्हीकडे उघडावी, या वादात मॅट कोणाचीच बाजू घेत नाही, दोन्ही प्रकार तिच्यावर सारखेच बसतात. चौकटीच्या नक्षीसाठी मी शेजारच्या पटांच्या माया विरुद्ध दिशांना वळवते, त्यामुळे शिवणी एकमेकींत अडकतात आणि कोपरे जुळतात. ज्या क्विल्टवर गोधडीसारखा हाताने धावदोरा घालायचा असतो, त्यात मात्र दोरा कुठून जाणार हे आधी ठरवून माया त्या रेषेपासून दूर वळवलेली बरी, कारण दुहेरी मायेतून सुई ओढताना बोटांची सालटी निघतात.

वर्षाकाठी एखादे क्विल्ट करणाऱ्यांनी घरातली घोंगडी किंवा जाड चादर चौपदरी करून वर सुती कापड अंथरावे, ही मॅट घेऊ नये. दर आठवड्याला पट्ट्या जोडणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी, पण दुकानात याहून लांब माप मिळत असेल तर तेच. पावसाळ्यात ती गुंडाळून कपाटात ठेवू नये. लोकरीला कसर लागते, म्हणून मी ती पूर्ण सुकवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेल्या सुती पिशवीत सपाट ठेवते.