फोनपे आणि गुगल पे: वाटा ८० टक्क्यांवर, पण मक्तेदारी नेमकी कुठे?

यूपीआयच्या दर १०० व्यवहारांपैकी सुमारे ८० या दोनच अ‍ॅपवर होतात. तरी मक्तेदारी नुसत्या वाट्यावरून ठरत नाही. दर वाढवल्यावर गिऱ्हाईक निघून जातं की मुकाट्याने पैसे भरतं, ते बघावं लागतं. २००२ च्या स्पर्धा कायद्यातही बाजारातला वाटा हा अनेक निकषांपैकी एक आहे.

पैसे पाठवायला दोन्ही अ‍ॅप उत्तम, आणि तिथे त्यांची मनमानी चालत नाही. नवं अ‍ॅप घेतलं की बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एसएमएस जातो, खातं सापडतं, जुनाच पिन चालतो. पाच मिनिटांचं काम. ऑटोपे, म्हणजे ठरल्या तारखेला आपोआप कापले जाणारे पैसे, मात्र आपोआप मागोमाग येत नाहीत, ते आधी तपासा. २०२४ च्या जानेवारीत पेटीएम पेमेंट्स बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा पेटीएमचा १३ टक्क्यांच्या आसपासचा वाटा काही महिन्यांत ८ च्या घरात आला. लोक इतक्या सहज हलतात.

मोबाइल रिचार्जवर मात्र दोघेही वर काही रुपये प्लॅटफॉर्म फी लावतात. जिओ, एअरटेलच्या स्वतःच्या अ‍ॅपवर आधी किंमत बघावी.

खरी पकड दुकानदारावर आहे. गल्ल्यावरचा साउंडबॉक्स ज्या कंपनीचा, तिच्याच क्यूआरवर आलेले पैसे तो बोलतो. क्यूआर बदलला की डबा मुका, आणि गर्दीच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाइकाचा मोबाइल बघत बसावं लागतं. शिवाय रोजची जमा बघून कर्ज देऊ करणाऱ्या कंपनीकडे जी नोंद असते, ती नव्या कंपनीकडे नसते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रत्येक अ‍ॅपला ३० टक्क्यांची मर्यादा घातली. ती पाळायची मुदत सरकत सरकत ३१ डिसेंबर २०२६ वर गेली. पण ही मर्यादा मोजते फक्त व्यवहारांची संख्या. साउंडबॉक्सला ती हातही लावत नाही, आणि हीच तिची मोठी उणीव.

दुसरं अ‍ॅप म्हणून भीम ठेवावं. साधं आहे, जाहिरातींचा मारा नाही. मात्र २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला झालं तसं यूपीआयच अडखळलं, तर कुठलंही अ‍ॅप उपयोगाचं नाही, कारण सगळ्यांच्या खालचा रस्ता एकट्या एनपीसीआयचा. आपली बँक बंद असली तरी अ‍ॅप बदलून भागत नाही. दुसऱ्या बँकेतलं खातं जोडलेलं असावं लागतं.