राशी-मोहोर: लंडनच्या लिलावात घ्यावी की मुंबईच्या?

जहाँगीर बादशहाची राशी-मोहोर, म्हणजे राशीचे चित्र असलेले सोन्याचे नाणे, लिलावाला येणार अशी कुणकुण लागली की संग्राहकाचे पुढचे काही आठवडे कॅटलॉगच्या त्याच एका पानावर जातात. रास कोणती, वर्ष कोणते, नाण्यावरची अक्षरे, म्हणजे लेख, कितपत शाबूत आहे, हे ज्याचे त्याला पाहता येते. खरा पेच बोली कोठे लावायची हा असतो. अशा मोहरा लंडनच्या विक्रीतही येतात आणि मुंबईच्याही, आणि एवढी रक्कम दोन्हीकडे अडकवून ठेवणे आपल्यापैकी फार थोड्यांना परवडते. जहाँगीरच्या साध्या, फक्त लेख असलेल्या मोहरा मी दोन्ही ठिकाणांहून घेतल्या आहेत आणि राशी-मोहरेसाठी दोन्हीकडे बोली लावून पाहिली आहे. त्या अनुभवावरून बनलेले मत पुढे मांडतो. ज्यांचा अनुभव वेगळा असेल त्यांच्याशी वाद घालण्याचा हेतू नाही.

लंडनची बाजू आधी मांडतो, कारण ती कागदावर अधिक भक्कम आहे. नाण्यावर महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्याच्या राशीचे चित्र घालावे, हे आपल्याला 1618 च्या सुमारास सुचल्याचे जहाँगीरने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. ही नाणी इतकी लोभस की त्यांच्या नकलाही फार पूर्वीपासून होत आल्या, आणि त्यांतल्या काही नकला आता स्वतःच जुन्या झाल्या आहेत. अशा वेळी ती मोहोर याआधी कोणाच्या संग्रहात होती आणि कोणत्या विक्रीत निघाली होती, हे दाखवणारी एक ओळ चार तज्ज्ञांच्या अभिप्रायाइतकी मोलाची ठरते. कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी मायदेशी नेलेली नाणी पुढे तिथल्याच लिलावांतून फिरत राहिल्यामुळे लंडनच्या कॅटलॉगमध्ये ही वंशावळ पुष्कळदा मिळते.

मुंबईत त्या जागी ‘एका जुन्या संग्रहातून’ एवढेच छापलेले असते. याला केवळ लिलावगृहांचा आळस जबाबदार आहे असे मला वाटत नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे सांगणारा 1878 चा कायदा आजही लागू आहे. शेतात नांगराला हंडा लागला तर तो पोलीस पाटलांपर्यंत न पोचता सराफाकडे पोचण्याची शक्यता अधिक, आणि मग नाण्याचा उगम वाटेतच पुसला जातो.

पैशांचा हिशेब थोडक्यात सांगतो. लंडनला हातोडा पडल्यावर खरेदीदाराचे शुल्क लागते. ते शेकडा वीस धरले तर एक लाखाची बोली एक लाख वीस हजारांवर जाते, आणि त्यावर विनिमय दर, विमा, कुरिअर आणि सीमाशुल्क चढते. परदेशी रक्कम पाठवण्यावर वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा असली तरी ती आपल्यापैकी फारसे कोणाच्या आड येणार नाही. माझे कुरिअरचे पाकीट मात्र सीमाशुल्क खात्यात, आत आहे ते सोने की संग्रहाची वस्तू, या प्रश्नावर बराच काळ अडकून पडले होते. मुंबईतही शुल्क आहे, जीएसटी आहे, आणि मुघल सोन्याला इथे गिऱ्हाईक अधिक असल्याने हातोडाही बहुधा वरच पडतो. माझ्या हिशेबाने शेवटची रक्कम दोन्हीकडे साधारण सारखीच येते. केवळ स्वस्त पडेल म्हणून लंडनला जाणाऱ्याने हे गणित एकदा मांडून पाहावे.

कायद्याची बाब मात्र रकमेपेक्षा महत्त्वाची आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. लंडनहून आणलेली मोहोर एकदा भारतात आली की पुढे विकायची वेळ आल्यावर ती इथल्याच बाजारात विकावी लागणार. म्हणजे लंडनची वंशावळ आपण लंडनच्या भावाने विकत घेतो, आणि तिची किंमत ठरते अशा बाजारात जिथे वंशावळीपेक्षा नाण्याचा चेहरा पाहिला जातो. हे अनेकांच्या लक्षात उशिरा येते.

तरीही हे सगळे मी सोसले असते. माझा कौल फिरवला तो नाण्याच्या काठाने.

मुघल मोहोर हाताने पाडलेली, जाड आणि आटोपशीर व्यासाची. ती कित्येक पिढ्या तिजोरीत कमी आणि गळ्यात जास्त राहिली. आपल्याकडच्या जुन्या माळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की मोहरेला वरून नाके, म्हणजे दोऱ्यात ओवायची कडी, झाळले जाई, आणि पुढे माळ मोडली की ते नाके काढून ती जागा कानशीने घासून चकचकीत केली जाई. ही खूण काठावर असते. समोरून काढलेल्या छायाचित्रात ती दिसत नाही, किंवा दिसली तरी लेखाच्या वर थोडीशी सपाट कड एवढीच दिसते, आणि तसे सपाटपण तर टांकसाळीतही येऊ शकते. वजनावरूनही छडा लागेलच असे नाही, कारण झाळणीचे जे सोने मागे उरते ते घासून गेलेल्या सोन्याची भरपाई करते. लंडनची लिलावगृहे अशा खुणेची नोंद बहुतेक वेळा प्रामाणिकपणे करतात, हे मान्य केले पाहिजे. पण ‘बहुतेक वेळा’ हा शब्द एवढ्या रकमेपुढे मला अपुरा वाटतो.

एका विक्रीआधी मी तिकडच्या एका लिलावगृहाला अतिशय नम्रपणे पत्र पाठवले आणि मोहरेच्या काठाची छायाचित्रे मागितली. दोन दिवसांनी तितकेच नम्र उत्तर आले, सोबत दोन्ही बाजूंची आणखी मोठी, आणखी सुंदर छायाचित्रे होती. काठ नव्हता. पुन्हा लिहिले, तेव्हा नाणे ‘त्याच्या प्रकाराला साजेशा स्थितीत’ असल्याचे कळवण्यात आले. विक्रीच्या दिवशी दुपारी साडेतीनला, म्हणजे तिकडच्या सकाळी दहाला, मी पडद्यासमोर बसलो होतो आणि माझ्या लॉटचा क्रमांक पुकारला गेला तेव्हा बोटाने कळ दाबली नाही.

मुंबईत विक्रीच्या आधी नाणी पाहण्यासाठी वेळ ठेवलेला असतो. त्या टेबलाशी गर्दी असते, दिव्याचा प्रकाश यथातथाच असतो आणि शेजारचा व्यापारी आपण कोणता लॉट किती वेळ धरला हे डोळ्याच्या कोपऱ्यातून मोजत असतो. पण मोहोर अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून भिंगाखाली एकदा पूर्ण फिरवता येते. झाळणीची जागा बोटाला थोडी गुळगुळीत लागते आणि तिथल्या सोन्याचा रंग किंचित निराळा दिसतो. सराफाने पारख करताना काठावर मारलेला छेद असेल तर तोही तिथेच समजतो. या अर्ध्या मिनिटात जे कळते ते कितीही मोठ्या छायाचित्रातून मला आजवर कळलेले नाही.

मुंबईच्या सभागृहात उणिवा नाहीत असे नाही. वर्णने त्रोटक असतात, आणि समोरच्या रांगेतला माणूस हात खाली घेत नाही हे पाहून आपणही आपली मर्यादा ओलांडतो, हा धोका पडद्यासमोर कमी असतो. लिलावापूर्वीच्या गाजावाजावर विसंबू नये, हे दोन्हीकडे सारखेच लागू आहे. जहाँगीरची सुमारे बारा किलो वजनाची हजार मोहरांची प्रचंड मोहोर 1987 साली जिनेव्हाच्या लिलावात आली तेव्हा तिचा जगभर बोलबाला झाला होता, आणि ती विकली गेली नाही.

ज्यांना यंत्रावर पाडलेली नाणी हवी आहेत, उदाहरणार्थ 1835 ची विल्यम राजाची दुहेरी मोहोर, त्यांच्यासाठी माझे हे म्हणणे बरेच सौम्य होते. तिथे मूळ नाणे आणि जुन्या ठशांवरून टांकसाळीने नंतर पाडलेले नाणे यांतला फरक चांगल्या छायाचित्रावर बराचसा ओळखता येतो, आणि लंडनची वर्णने या बाबतीत सहसा अधिक काटेकोर असतात. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी संग्राहकांना तर मुंबईत घेतलेली मोहोर सोबत नेताच येणार नाही, त्यामुळे त्यांनी लंडनचाच विचार करणे रास्त. शक्य असल्यास पाहणीच्या दिवशी स्वतः जावे, नाहीतर तिकडच्या एखाद्या जाणकाराला पाठवून काठ पाहून घ्यावा. लेखी अहवालात ‘नाके काढल्याची खूण नाही’ असे स्पष्ट शब्द येईपर्यंत बोलीची रक्कम कळवू नये.

येत्या हंगामात दोन्हीकडे राशी-मोहोर आली तर लंडनचे कॅटलॉग मी आवडीने वाचेन, त्यातली वंशावळ वहीत उतरवून घेईन, आणि रजेचा अर्ज मुंबईच्या पाहणीच्या दिवसासाठी टाकेन.