ट्रान्समिशनचे वाढलेले तापमान तपासताना : ओबीडीलिंक एमएक्स प्लसचे परीक्षण

ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपच्या डॅशबोर्डवर ट्रान्समिशनचे, म्हणजे गिअरबॉक्सचे, तापमान चढू लागले, की बहुतेक मालक दोनपैकी एक वाट धरतात : ऑइल बदलतात, नाहीतर मोठा ऑइल कूलर बसवून घेतात. या दोन्ही गोष्टी काही वेळा खरोखरच आवश्यक असतात. परंतु ऑइल प्रत्यक्षात तापले आहे की नाही, आणि तापले असेल तर उष्णता कुठे निर्माण होते व कुठे अडून राहते, हे ठरवल्याशिवाय केलेला खर्च बहुधा वाया जातो. ओबीडीलिंक एमएक्स प्लस हा गाडीच्या संगणकातली रीडिंग फोनवर दाखवणारा ब्लूटूथ अडॅप्टर मी याच एका कामासाठी घेतला आणि हे परीक्षणही त्या कामापुरतेच आहे.

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर बसवायचा, तो फोनशी जोडायचा आणि ॲपमध्ये हवी ती रीडिंग निवडायची, इतकेच त्याचे काम असते. खरी मेख रीडिंग निवडण्यात आहे. इंजिनच्या कूलंटचे तापमान हे ओबीडी-२ च्या, म्हणजे गाडीची माहिती वाचण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या, सर्वसाधारण यादीत असल्यामुळे कोणताही स्वस्त स्कॅनर ते दाखवतो; ट्रान्समिशन ऑइलचे तापमान मात्र बहुतेक पिकअपमध्ये उत्पादकाच्या स्वतःच्या यादीत असते, आणि ते मागण्याचा कोड व आलेल्या उत्तराचे अंशांत रूपांतर करण्याचे सूत्र दोन्ही कंपनीनुसार बदलतात. कुठे एका बाइटमधून ४० वजा केले की सेल्सिअस मिळते, तर कुठे दोन बाइट एकत्र करून त्यांना भागावे लागते. चुकीचे सूत्र भरले तर पडद्यावर एक अगदी पटण्यासारखा, पण निखालस खोटा आकडा येतो, आणि तो खोटा आहे हे ॲप सांगत नाही. ओबीडीलिंकच्या ॲपमध्ये अनेक उत्पादकांची अशी विशेष रीडिंग आधीच भरलेली मिळतात, शिवाय हा अडॅप्टर फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या काही गाड्यांमधील दुय्यम नेटवर्कही वाचू शकतो. साध्या अडॅप्टरपेक्षा याच्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे माझ्या मते हेच सर्वांत मोठे कारण आहे. तरीही आपल्या गाडीच्या वर्षासाठी व गिअरबॉक्ससाठी ट्रान्समिशनचे तापमान यादीत आहे का, हे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

पहिली तपासणी गाडी चालवण्याआधीची आहे आणि ती कुणीही चुकवू नये. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी इंजिन सुरू न करता केवळ इग्निशन चालू करावे आणि कूलंट, आत येणारी हवा व ट्रान्समिशन ऑइल या तिन्हींचे तापमान शेजारी शेजारी ठेवून पाहावे. तिन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या आसपास आणि एकमेकांपासून दोन-चार अंशांच्या आत असायला हवेत. ट्रान्समिशनचा आकडा एकटाच २० अंशांनी वर असेल, तर संशय ऑइलवर नव्हे, सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर घ्यायचा. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढले की रोध कमी होणारा थर्मिस्टर असतो. त्यामुळे त्याची वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर गाडी ते प्रचंड तापमान समजते आणि पी०७१२ हा दोषाचा कोड येतो, तर वायर तुटली तर उणे ४० सारखा अशक्य आकडा व पी०७१३ दिसतो. ऑइल खरोखर अति तापल्याचा कोड वेगळा आहे, तो पी०२१८. हे तीन कोड वेगवेगळे वाचता आले तरी निम्मे काम होते.

यानंतर आलेख. या अडॅप्टरचा मला सर्वांत जास्त उपयोग इथेच झाला, कारण डॅशबोर्डवरचा काटा अनेक गाड्यांमध्ये मुद्दाम संथ केलेला असतो आणि बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मध्यावरच उभा राहतो. आलेखात मात्र रेषेचा आकारच बोलतो. कित्येक लिटर ऑइल आणि त्याभोवतीचे ॲल्युमिनियमचे जड कवच क्षणात तापत नाही व क्षणात निवतही नाही. म्हणून ८८ वरून एका सेकंदात १४० आणि पुढच्याच सेकंदाला पुन्हा ८९ अशी सुळक्यासारखी रेषा दिसली, तर कनेक्टर उघडून त्याच्या पिनांवर ऑइल झिरपले आहे का ते पाहावे. खरे तापणे चढाच्या सुरुवातीला वळते, सावकाश वर जाते आणि माथा ओलांडल्यावर तितक्याच सावकाश खाली येते. माझ्या पिकअपची रेषा अशीच होती, त्यामुळे सेन्सरचा प्रश्न तिथेच मिटला.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली बरीचशी उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या भागात, निर्माण होते. इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडणारा लॉकअप क्लच सुटलेला असताना इंजिन आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरतात, आणि हा फरक ऑइल घुसळून त्याची उष्णता करतो. इंजिनची गती, इनपुट शाफ्टची गती आणि ऑइलचे तापमान ही तीन रीडिंग एकाच आलेखावर घेतली, की निदानाला दिशा मिळते. सावकाश चढावर फरक शेकडो आरपीएमचा राहिला आणि तापमान वाढले, तर ते अपेक्षित आहे. टो-हॉल मोड (ओझे ओढण्यासाठीचा मोड) चालू करून किंवा खालचा गिअर धरून लॉकअप लवकर बसतो का ते पाहावे. सपाट रस्त्यावर, स्थिर वेगात, लॉकअपची आज्ञा असतानाही फरक शून्याच्या जवळ येत नसेल, तर क्लच घसरत आहे आणि कितीही मोठा कूलर लावला तरी ते दुखणे झाकले जाईल, बरे होणार नाही. काही नव्या गिअरबॉक्समध्ये थोडे घसरणे मुद्दाम ठेवलेले असते, म्हणून २० ते ५० आरपीएमच्या फरकाने घाबरून जाऊ नये.

माझ्या गाडीत लॉकअप नीट बसत होता, कूलंटचे तापमान जागचे हलत नव्हते, आणि तरीही मोकळ्या हायवेवर ऑइल १०० अंश ओलांडून वर सरकत राही. रेडिएटरसमोरची हवा अडली असती तर कूलंटही चढले असते. ते चढत नव्हते, म्हणजे अडचण ऑइलच्या स्वतःच्या फेऱ्यात होती. इथून पुढे अडॅप्टर मदत करू शकत नाही, कारण कूलरच्या नळ्यांवर गाडीचा सेन्सर नसतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने बाहेरच्या कूलरच्या दोन्ही नळ्या तपासल्या. चकचकीत धातूवर हे थर्मामीटर खरे तापमान दाखवत नाही, बरेच कमी दाखवते, म्हणून नळीवर काळ्या टेपची पट्टी चिकटवून तिच्यावरच नेम धरावा लागतो. गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमधले ऑइल तापलेले असताना कूलरकडे जाणारी नळी जेमतेम कोमट होती, याचा अर्थ ऑइल कूलरपर्यंत पोहोचतच नव्हते. दोष थर्मोस्टॅटिक बायपास व्हॉल्व्हमध्ये निघाला. थंड ऑइल लवकर गरम व्हावे म्हणून हा व्हॉल्व्ह त्याला कूलरकडे न पाठवता माघारी वळवतो आणि ठरलेल्या तापमानाला मार्ग उघडतो; माझा व्हॉल्व्ह उघडत नव्हता. तो बदलल्यावर तीच चढण, तोच ट्रेलर आणि आलेख ९० च्या आसपास सपाट. ऑइल मात्र त्यासोबत बदलावेच लागले, कारण त्याचा रंग काळपट झाला होता आणि जळका वास येत होता. प्रत्येक १० अंशांच्या वाढीला ऑइलचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जुना ढोबळ नियम आहे, आणि तो डोळ्यांआड करण्याजोगा नाही.

आकडे वाचताना सेन्सर कुठे आहे तेही ठाऊक हवे. पॅनमधल्या ऑइलसाठी ८० ते ९५ अंश ही सर्वसाधारण पातळी आहे, ओझे ओढताना ११० पर्यंत जाणे चालते, आणि १२० च्या वर ते टिकून राहिले तर थांबावे. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारे ऑइल मात्र चढावर याहून कितीतरी गरम असू शकते, म्हणून त्या नळीवर वेगळा गेज बसवणाऱ्याने आपला आकडा पॅनच्या आकड्याशी ताडून घाबरू नये.

उणिवाही सांगायला हव्यात. एकाच वेळी जितकी जास्त रीडिंग निवडाल तितका प्रत्येकीचा वेग कमी होतो. क्लचची घसरण मोजायची असेल तर तीन-चारच ठेवावीत. ॲपमधील आलेख फोनच्या लहान पडद्यावर दाटीवाटीने दिसतात, त्यामुळे नोंद साठवून नंतर संगणकावर स्प्रेडशीटमध्ये उघडणे अधिक सोयीचे, आणि गाडी चालवताना पडद्याकडे पाहण्याचा मोहही त्यामुळे टळतो. हा अडॅप्टर गिअरबॉक्सचे सोलेनॉइड चालू-बंद करून पाहत नाही किंवा नव्या क्लचची जुळणी शिकवत नाही. त्यासाठी वर्कशॉपमधला पूर्ण स्कॅनरच लागतो. गाडी बंद झाल्यावर अडॅप्टर स्वतः झोपी जातो, म्हणून बॅटरी उतरण्याची काळजी फारशी नाही, तरी गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर मी तो काढून ठेवतो.

वर्षातून एखाद्या वेळी ट्रेलर ओढणाऱ्याला एवढ्या महागड्या अडॅप्टरची गरज नाही. ओळखीच्या मेकॅनिकच्या स्कॅनरवर सकाळची थंड तपासणी करून घेतली तरी पुरते. जो नियमित ओझे ओढतो आणि ज्याच्या गाडीची विशेष रीडिंग या ॲपमध्ये आहेत, त्याने तो जरूर घ्यावा, सोबत इन्फ्रारेड थर्मामीटर आणि काळ्या टेपचे एक रीळही ठेवावे, आणि गाडी निरोगी असतानाच एका नेहमीच्या चढाची नोंद साठवून ठेवावी, म्हणजे पुढे तापमान वाढल्याची शंका आली की ताडून पाहायला स्वतःच्याच गाडीचा आलेख हाताशी असेल.