पोत हवा: पेस्टचा की चादरीचा?

कॅनव्हासवर पोत उठवायला माझ्याकडे दोन वाटा: दुकानातली मॉडेलिंग पेस्ट, नाहीतर सोलापुरी चादरीची कात्रणं. पेस्टमध्ये अ‍ॅक्रिलिकसोबत संगमरवराची पूड असते; सुरीनं ओढा, कंगव्यानं ओरबाडा, सगळं ऐकते. पण इथल्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला की जाड थर वरून झटपट सुकतो, आत ओलाच राहतो आणि भेगा पडतात. (कधी त्या भेगाच चित्रापेक्षा बऱ्या दिसतात.)

चादर मात्र हट्टी. जकार्डची (मागावरच नक्षी विणण्याची पद्धत) जाड सुती वीण रंग पिऊन टाकते, म्हणून आधी पातळ फेव्हिकॉलचा हात, मग जेसो, म्हणजे रंगाआधीचा पांढरा अस्तर-थर. वजनानं कॅनव्हास झोळतो, प्लायच घ्यावा लागतो. तरी सुटलेले धागे, उलट्या बाजूची नक्षी हे पेस्टला जमणार नाही. मी चादरच घेतो; पेस्ट फक्त कडा बुजवायला.