तक्रार ॲपला फांद्या दिसतात, मुळे दिसत नाहीत: उन्हाळा ते दिवाळी वापरानंतरचा अनुभव

शहरातील नागरी तक्रारींचे हे ॲप मी गेल्या उन्हाळ्यापासून वापरते आहे आणि त्यावरील माझ्या जवळजवळ सर्व तक्रारी आमच्या ले-आउटमधील (वसाहतीतील) उद्यान व रस्त्याकडेची झाडे यांविषयीच आहेत. नोंदणी, फोटो, ठिकाणाची खूण, टोकन क्रमांक हे सारे वाचकांना ठाऊकच आहे, म्हणून थेट अनुभवाकडे वळते.

किरकोळ कामांसाठी ॲप चांगले आहे. ट्रॅकवरचा बंद दिवा, ओपन जिमचा निघालेला बोल्ट, झोपाळ्याची तुटलेली साखळी ही कामे काही दिवसांतच झाली. साखळी बदलायला आलेल्या माणसाने तर स्वतः फोन करून दुसऱ्या बाजूचीही झिजली आहे, तीही बदलतो, असे कळवले.

माझी खरी तक्रार प्रकार निवडण्याच्या यादीबद्दल आहे. झाडांसाठी तिच्यात फांद्यांची छाटणी, पडलेले झाड उचलणे, विनापरवाना वृक्षतोड आणि अन्य एवढेच पर्याय आहेत. उभे असलेले, पण बुडाशी सडलेले झाड कोणत्या पर्यायाखाली नोंदवायचे, याचे उत्तर त्या यादीत नाही.

उद्यानाच्या फाटकाशी एक जुना गुलमोहर होता. त्याच्या बुंध्याला जमिनीलगत तपकिरी, चकाकत्या पाठीच्या आणि पांढऱ्या कडेच्या कडक अळंब्या आल्या होत्या. त्यांच्याखालच्या पानांवर कोकोसारखी बारीक भुकटी साचलेली असे आणि झाड ज्या बाजूला कलले होते त्याच्या विरुद्ध बाजूची माती भेगाळली होती. ही गॅनोडर्मा नावाची बुरशी मुळे आणि बुंध्याचा खालचा भाग आतून कुजवते, तर वर पालवी बराच काळ हिरवीगार राहते. गुलमोहराची मुळे मुळातच उथळ पसरतात. आमच्याकडे एका बाजूने सिमेंटचा रस्ता आणि दुसऱ्या बाजूने गट्टू (फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे) थेट खोडाला भिडवलेले आहेत, त्यामुळे पाणी आत मुरत नाही आणि खोदकामात तुटलेली मुळे पुन्हा वाढायला जागा उरत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसंबंधी दिलेल्या आदेशात झाडाभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्यास सांगितले होते. आमच्या रस्त्यावर मात्र झाडांना वीतभर मातीही मिळालेली नाही.

दुसरा पर्याय नसल्याने मी छाटणीचा प्रकार निवडला आणि वर्णनात बुंधा सडल्याचे सविस्तर लिहिले. आठवडाभराने ठेकेदाराचे मजूर आले, विजेच्या तारांखालच्या रस्त्याकडील फांद्या तोडून गेले, आणि त्याच संध्याकाळी फांद्यांच्या ढिगाच्या फोटोसह तक्रार निकाली निघाली. कलत्या झाडाच्या एकाच बाजूच्या फांद्या काढल्यामुळे सारा भार ज्येष्ठ नागरिकांच्या बाकाकडे गेला, म्हणजे माझ्या तक्रारीनंतर ते झाड आधीपेक्षा अधिक धोकादायक झाले. निकाली निघालेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही. नवा टोकन क्रमांक घ्यावा लागतो आणि जुने फोटो व वर्णन मागेच राहते. संतापून मी तेव्हा एक तारा दिला होता.

नंतर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करून मी त्या तक्रारीची नोंद मागवली. नोंदीत तक्रार छाटणीची आणि काम छाटणीचे, असे जुळलेले होते. मजुरांना जे सांगितले गेले ते त्यांनी केले होते. वर्णनाचा मजकूर त्यांच्या कामाच्या यादीत उतरलेलाच नव्हता. निवडलेल्या प्रकारावरून कोण येणार हे ठरते: छाटणी म्हटले की आरा घेऊन मजूर येतात आणि पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत विषय जातच नाही.

एका ताऱ्याचे मत मला पुढे बदलावे लागले. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, अखेरीस आलेल्या वादळात त्याच गुलमोहराची मोठी फांदी रात्री ट्रॅकवर कोसळली. ॲप बाजूला ठेवून मी अग्निशमन दलाला फोन लावला, आणि उजाडण्यापूर्वी जवानांनी फांदी कापून वाट मोकळी केली. सकाळी उद्यान निरीक्षक आले, त्यांच्यासोबतच्या माळीदादांनी कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकून पाहिले. तीन बाजूंनी आवाज भरीव आला, चौथ्या बाजूने पोकळ. माळीदादा म्हणाले, "काकू, हे झाड फांदीनं नाही पडत जी, बुडानं पडते." त्यानंतर झाडावर सूचना लागली, परवानगी झाली आणि झाड उतरवले गेले. उरलेल्या बुडख्यात माझा हात कोपरापर्यंत आत गेला.

झाड तोडण्याची घाई व्हावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार पूर्वपरवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोडण्यातच मोडते. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचे स्थान दिले. हे संरक्षण मला मोलाचे वाटते, कारण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या शहरात दुपारी रस्त्यावरून चालणे सावलीमुळेच शक्य होते. आमच्याच गल्लीतील एका कललेल्या कडुनिंबावर पालापाचोळ्यामुळे काही शेजाऱ्यांचा राग होता. त्याच सकाळी निरीक्षकांनी तोही पाहिला आणि बुंधा ठणठणीत असल्याचे सांगितल्यावर तो विषय मिटला. प्रत्यक्ष पाहणी झाली की धोक्याचे झाड सापडते आणि निरोगी झाड वाचते, म्हणून पाहणीची मागणी करणारा पर्याय यादीत हवा, हाच माझा आग्रह आहे.

माणसे काम जाणतात हे पाहिल्यावर मी तीन तारे केले. बुंधा व मुळे तपासणी असा वेगळा प्रकार आणि निकाली तक्रार पुन्हा उघडण्याची सोय मिळाली, तर उरलेले दोनही देईन. तोपर्यंत अशी तक्रार छाटणीत नोंदवू नका. अन्य हा प्रकार निवडा, वर्णनाच्या पहिल्याच ओळीत "बुंधा सडलेला, प्रत्यक्ष पाहणी हवी" असे लिहा, बुडाचा जवळून आणि कल दिसेल असा दुरून फोटो जोडा, आणि टोकन क्रमांकासह तोच मजकूर झोन कार्यालयात लेखी देऊन पोच घ्या. कडुनिंबाभोवतीचे गट्टू काढण्याची तक्रार मी याच पद्धतीने केली आणि दिवाळीच्या आधी एक अधिकारी फूटपट्टी घेऊन मोजमाप करून गेले. गट्टू अद्याप निघायचे आहेत.