हेडलाइटची काच: एकीकडे टू-के क्लिअर, दुसरीकडे पीपीएफ फिल्म. उसाचा हंगाम आणि उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक. फिरणं मुख्यतः अंबाजोगाई-रेणापूर-लातूर. दोन्ही हेडलाइट पिवळट, धुरकट झालेले, त्यात खडीच्या टिप्परमागे राहून पडलेले बारीक खड्डे. रात्री डिपर लावला तरी उजेड समोर पडायचा सोडून काचेतच फाकायचा. आपल्याकडे उसाचा हंगाम लागला की मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यानं चालतात, म्हणून दिवाळी झाल्याझाल्या हे काम उरकलं.

आधी टूथपेस्टबद्दल, कारण सगळे तेच सुचवतात. चकाकी येते, पण तेवढ्यापुरतीच. ही काच पॉलीकार्बोनेटची असते आणि कंपनीतून येतानाच तिच्यावर ऊन अडवणारा पातळ कडक थर असतो. तो थर उन्हानं खराब झाला की पिवळेपणा येतो. घासून तो काढला की खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं. त्यावर काही चढवलं नाही तर मराठवाड्याच्या उन्हात काच पुन्हा पिवळी पडणारच. नुसतं बफिंग करून 'नवी केली' म्हणणाऱ्याला पैसे देताना वर काय लावणार हे आधी विचारा.

लातूरला एका पेंटरकडं काम केलं. चौफेर मास्किंग टेप, मग पाणी मारत वॉटर पेपर (ओला घासायचा सँडपेपर), भरडापासून बारीककडं: ८००, १०००, १५००, २०००, शेवटी ३०००. सुरुवातीला काचेवरून हळदीच्या पाण्यासारखं पिवळं पाणी ओघळत होतं. ते पांढरं, दुधाळ झाल्यावरच त्यानं पुढचा पेपर घेतला. पिवळं पाणी यायचं थांबण्याआधी पेपर बदलला तर जुन्या थराचे ठिपके राहतात आणि क्लिअर मारल्यावर ते जास्तच उठून दिसतात. खड्ड्यांचं विचारलं तर म्हणाला, "खोल हायत ते निघत नसतेत बघा. लई घासलं तर काच पातळ हुती." बरोबर होतं त्याचं. उथळ खड्डे गेले, खोल आजही आहेत. मात्र धुरकटपणा गेल्यावर त्यांचा उजेडाला फारसा त्रास नाही.

डाव्या काचेवर टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं लॅकर. उजवीवर पारदर्शक पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, वरून चिकटवायचा संरक्षक पापुद्रा. समोरून येणाऱ्या टिप्परची खडी उजवीकडं जास्त लागते, म्हणून फिल्म तिकडं.

क्लिअरवाली काच पहिल्या दिवशी शोरूममधल्यासारखी. खालच्या कडेला एक ओघळ आहे, वाकून पाहिलं तरच दिसतो. अख्खा उन्हाळा गाडी झाडाची सावली नसलेल्या जागी उभी होती, तरी पिवळेपणाचा मागमूस नाही. पण नवीन खडी लागली तिथं क्लिअरचा टवका उडालाय आणि दोन ठिकाणी टवक्याभोवती पांढरं कडं आलंय. तिथून ते सुटत जाणार हे दिसतंय.

फिल्म जवळून किंचित संत्र्याच्या सालीसारखी दिसते, चकाकी कमी. रात्री भिंतीवर उजेड टाकून पाहिला, दोन्हीत फरक नाही. फडक्याचे बारीक ओरखडे उन्हात गाडी उभी राहिली की जातात, हे मला खोटं वाटायचं, पण खरं निघालं. खडीच्या खुणा फिल्मवर आहेत, आतली काच शाबूत. तक्रार कडेची: काळ्या मातीची रेघ धरते, आणि वॉशिंग सेंटरवाल्यानं प्रेशरचा नोझल जवळ धरल्यानं एक कोपरा उचलला गेला. खर्च फिल्मचा जास्त आला. पण खराब झाली तर हॉट एअर गननं गरम करून सोलता येते. क्लिअर गेलं की पुन्हा ८०० पासून घासणं आलं.

घरी करणाऱ्यांसाठी: टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. नाकाला नुसता रुमाल बांधून ते मारू नका, फुप्फुसांशी खेळ आहे. काच थिनर किंवा अ‍ॅसिटोननं पुसू नका, बारीक तडे जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. आणि धूळ बसलेली काच कोरड्या फडक्यानं पुसायची सवय सोडा, आधी पाणी मारा.

मेव्हण्याच्या गाडीला हे सगळं करून उपयोग नव्हता. त्यानं ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चे बल्ब टाकलेले, त्या उष्णतेनं काच आतून धुरकटलेली आणि रिफ्लेक्टरही काळवंडलेला. पेंटरनं बोट फिरवून दाखवलं: बाहेरून गुळगुळीत, डाग आत. त्याला नवा हेडलाइटच घ्यायला लावला.

आता पोळा झाला की डावीकडचे टवके हलके घासून, थोडं क्लिअर मारून ते नीट वाळू देणार आणि त्यावरही फिल्म चढवणार. या वेळी फिल्म कडेच्या आत किंचित कमी कापायला सांगितलंय, म्हणजे प्रेशरचं पाणी खाली शिरणार नाही.